बाबा मधूनच उठून गेले

रविवार, संध्याकाळ. करंजाडे.

दुपारी बाबांना घेऊन पनवेलला सिनेमाला गेले. आपल्याकडे पहिलेवहिले सिनेमे काढणाऱ्या माणसाची गमतीदार गोष्ट. नायिका व्हायला बाई मिळेना, म्हणून तो एका आचाऱ्याची मिशी काढून त्याला लुगडं नेसवतो. सगळं थिएटर हसलं. सगळ्यांत मोठ्याने मीच. वळून पाहते तर बाबांची सीट रिकामी.

बाहेर आले, तर ते बाकावर बसले होते. काय झालं विचारलं, तर म्हणाले, "आपल्या गावात, ओव्याला, आमच्या नाटकात राणी मीच व्हायचो. मिशी काढली तवा तुजा आजा महिनाभर माज्याशी बोलला नाय."

चाळिशी उलटली माझी, आणि हे मला माहीतच नाही? की मी कधी विचारलंच नाही? ती मिशी काही डोळ्यांसमोरून हलत नाही. आणि माझं ते खिदळणं.

घरी चहा देताना म्हटलं, "बाबा, चुकलं माझं."

"हसलीस त्याचं काय नाय. तो लुगडं नेसून चालला कसा, ते सांग. मी बघितलंच नाय."

सांगायला गेले, तर माझ्या हसण्याशिवाय मला काहीच आठवेना.