तीन बोटांचा हातमोजा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय क्रोशाचे विणकाम, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. मोतीबिंदू डोळ्यांत आहे, डोक्यात नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर मुलगा आणि सून या दोघांना समान हिश्शाने मिळावे. "वहिनीचं नाव कशाला?" असे मुलीने विचारले आहे. उत्तर कलम ३ मध्ये आहे.

२. बँकेतील ठेव व माझे दागिने मुलीला. आता तिने रुसू नये.

३. क्रोशाच्या सर्व सुया आणि लोकर सुनेला. तिला विणकाम येत नव्हते, म्हणूनच मी नमुना लिहायला शिकले.

माझ्या कैलासवासी यजमानांचा उजवा हात छापखान्याच्या यंत्रात सापडला होता. अंगठा आणि दोन बोटे वाचली. थंडीत हात ठणके आणि विकतचा हातमोजा घातला की रिकामी बोटे लोंबत. हात खिशातून बाहेर काढणेच त्यांनी सोडले. मी जन्मभर पुस्तकातले नमुने विणले. या हाताचा नमुना कुठून आणणार? विणत गेले, उसवत गेले, आणि एकदाचा हातमोजा बसला. तो घालून ते आपण होऊन भाजी आणायला निघाले. मी दारातच रडले.

तो हातमोजा पाहून इस्पितळातली परिचारिका म्हणाली, "काकू, असे हात आमच्याकडे पुष्कळ येतात. नमुना लिहून द्या ना."

लिहिले. सुनेने लिहिल्याबरहुकूम विणले, तर बाहुलीची टोपी झाली.

"अगं, अंगठ्यापाशी टाके कमी करायचे, एवढं कळत नाही?"

"आई, पण ते लिहिलंय कुठे?"

खरेच नव्हते. हाताला ठाऊक होते ते कागदावर उतरलेच नव्हते. मग मी लिहायचे, तिने विणायचे आणि पोलिसासारखे विचारायचे, "म्हणजे नेमका कुठल्या टाक्यात?" आमची भांडणे झाली, दोनदा अबोलाही झाला. शेवटी तिने विणलेला हातमोजा यजमानांनी माझाच समजून घातला. त्या दिवशी मला लिहिता आले.

४. नमुना इस्पितळातून लोकांना मिळू लागला, तेव्हा "नवऱ्याच्या व्यंगाचं प्रदर्शन मांडलंय," असे जाऊबाई भर लग्नात बोलल्या. त्यांना माझी जांभळी शाल द्यावी. जांभळा रंग त्यांना मुळीच खपत नाही.

५. माझे नमुने कोणीही फुकट वापरावेत. फेरफार केल्यास तोही खाली लिहावा, म्हणजे पुढच्याला सोपे जाईल. लहान मुलांचा नमुना अर्धा आहे. मुलाबरोबर हातमोजाही वाढायला हवा, ते मला अजून जमलेले नाही. तो सुनेने पुरा करावा. माझ्या हयातीत पुरा झाला, तर ही अट रद्द समजावी. तसा माझा प्रयत्न चालू आहे.

ठिकाण : राहते घर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक : शिक्क्याप्रमाणे
सही : विणकामवाल्या काकू

आमच्यासमक्ष सही केली :
१. परिचारिका, शस्त्रक्रिया विभाग
२. शेजारचे शिंपीमामा (सही करताना म्हणाले, "वहिनी, एवढ्यात कुठे निघालात?" मी म्हटले, "लोकर आणायला.")