स्क्रीनवर दोन्ही गोळ्या

५ जाने., सोम
नव्या वर्षाचा पहिला सोमवार आणि तेच रडगाणं. डोंबिवली सेंटरचे टॅबलेट पुन्हा अर्ध्यावर अडकले.

घरोघरी जाऊन म्हाताऱ्या पेशंटना औषधं देणाऱ्या एका नर्सिंग एजन्सीच्या सिस्टर लोकांसाठी आमच्या कंपनीने हे टॅबलेट बनवलेत. औषधं, डोस, पेशंट, सगळा डेटाबेस टॅबलेटच्या आतच, कारण प्रत्येक घरात नेट असतंच असं नाही. दर महिन्याला नवी माहिती पाठवायची. ती प्रचंड असते. सिस्टर संध्याकाळी टॅबलेट जमा करतात, चार्जिंगला लावले की अपडेट सुरू होतं, आणि आठ वाजता सेंटरची मावशी मेन स्विच बंद करून घरी जाते. वायफाय गेलं, अपडेट मेलं. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून.

मावशीला बोलण्यात अर्थ नाही. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे शॉर्ट सर्किट झालेलं, तेव्हापासून घरमालकाची ताकीद. मेन बंद केल्याशिवाय कुलूप लावायचं नाही.

केतन सर म्हणाले, "वैशाली, काहीतरी जुगाड कर." कंपनी त्यांची, जुगाड माझा. (यापुढे के.स. पूर्ण नाव लिहिण्याइतका उत्साह नाही.)

८ जाने., गुरु
जेवताना आईला सांगत होते. आई भाकरी मोडत म्हणाली, "गिरणीत लाईट गेली तर गिरणीवाला दळलेलं पीठ परत दळतो का? उरलेलं दळतो." अगं, हेच तर करतेय आठवडाभर. के.स.ना हेच समजवायला मला अख्खी दुपार लागली.

झालेलं काम: आलेली माहिती आधी क्रमाने लावून घ्यायची, मग ओळीने लिहीत जायचं. आधी कुठलीही नोंद कुठेही, डेटाबेस नुसता गावभर हिंडायचा, वेळ त्यातच जायचा. आता थोडं लिहायचं, कुठवर आलो ते टिपायचं, मेन बंद झाला की उद्या तिथून पुढे.

आणि हे सगळं बाजूला. सिस्टरना जुनी माहिती पूर्ण दिसत राहणार. नवी पूर्ण झाली की एका झटक्यात अदलाबदल. मधे एखादा तातडीचा बदल आलाच तर एजन्सीने सिस्टरना फोन करायचा, हे ठरलेलं आहे. नवी इमारत उभी राहिल्याशिवाय जुनी पाडायची नाही, एवढीच गोष्ट. ठाण्यात बिल्डरांना जमत नाही ते टॅबलेटला जमलं.

१३ जाने., मंगळ
डोंबिवली सेंटरला गेलेले. मधेच मुद्दाम मेन बंद करून बघितला. चालू केला तर बिनबोभाट पुढे सुरू. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूपच बरं वाटलं.

तिथे शोभाताई भेटल्या. शोभा जाधव, सिस्टर, लोकलने दिव्याहून येतात. नीट प्रश्न विचारणारं ह्या अख्ख्या प्रकरणात तेवढं एकच माणूस. म्हणाल्या, "म्हणजे मॅडम, मला एकतर सगळं जुनं दिसणार नाहीतर सगळं नवं. अर्धं-अर्धं नाही ना? आधी फाइल असायची, डॉक्टरची सही बघून द्यायचे. आता फाइल काढून घेतली. ह्याच्यावर दिसेल तेच खरं."
"अर्धं कधीच दिसणार नाही," म्हटलं.

१४ जाने., संक्रांत
के.स.नी ऑफिसात तिळगूळ वाटला आणि वाटता वाटता माझं काम मोडून टाकलं.

एजन्सीचे मोठे साहेब विचारतायत म्हणे, अपडेट चालू आहे तर स्क्रीनवर काही बदलत का नाही? झालं. "जसजसं येईल तसतसं दिसू दे. क्लायंटला प्रोग्रेस दिसला पाहिजे." मी सांगितलं, सर, नव्या नोंदी आधी येतात, बंद झालेल्या सगळ्यात शेवटी निघतात. मधल्या काळात दोन्ही दिसतील. जुनी गोळीपण, नवी गोळीपण.
"दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे. आज तरी गोड बोल गं."

मी करणार नाही म्हटलं. तर नीलेशकडून करून घेतलं. शेजारच्याच टेबलावर बसतो. माझ्याकडे न बघता केलं त्याने, फार काही नव्हतंच करायला. मी हे सगळं के.स.ना मेलवर लिहून पाठवलं. उत्तरात नुसता अंगठा.

ऑफिसातून वागळे इस्टेटच्या नाक्यापर्यंत चालत आले. तिळगुळाचा लाडू पर्समध्येच फुटला, सगळीकडे तीळ.

१९ जाने., सोम
लेले आजोबा. डोंबिवली पूर्व. शोभाताईंचे पेशंट.

किडनीच्या रिपोर्टनंतर डॉक्टरांनी साखरेची जुनी गोळी बंद करून नवी दिली. टॅबलेटवर नवी आली. जुनी निघायची होती, ती ओळ येण्याआधी मेन बंद. रोज थोडं पुढे, रोज आठ वाजता बंद. शोभाताईंच्या स्क्रीनवर दोन्ही गोळ्या, दोन्हीपुढे हिरवी खूण. त्यांनी दोन्ही दिल्या. शनिवारी दिल्या, काल दिल्या. आज पहाटे सुनेला आजोबा घामाने भिजलेले सापडले, हाक मारली तर ओ नाही. साखर पार खाली गेलेली.

आयसीयूत आहेत.

मला कळलं तेव्हा मी डबा उघडत होते. तसाच बंद केला. नीलेश उठून बाहेर गेला तो संध्याकाळपर्यंत आलाच नाही.

२० जाने., मंगळ
के.स. म्हणतात, "सिस्टरचं ट्रेनिंग झालंय ना? साखरेच्या दोन गोळ्या दिसल्या तर डोकं वापरायला नको?"
एजन्सी म्हणते, सिस्टरची चूक.
लेल्यांच्या घरच्यांनी तक्रार दिली आहे, तीपण सिस्टरवरच. त्यांना बिचाऱ्यांना दुसरं कोण दिसणार.
शोभाताईंना घरी बसवलं. पुढच्या मंगळवारी मीटिंग. तिथे ठरणार की काढायचं, आणि नर्सिंग कौन्सिलकडे कळवायचं का. कळवलं तर कुठेच काम मिळणार नाही त्यांना.

ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे काय झालं. सगळ्यांना. चहावाल्यालासुद्धा माहीत असेल. आई म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी." आईला सांगायला नको होतं, आता रोज विचारेल.

२२ जाने., गुरु
दिव्याला गेले. शोभाताईंची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना अजून प्लास्टरशिवाय. पाणी आलेलं नव्हतं, तरी चहा केला. नको म्हटलं तर म्हणाल्या, "बसा हो, तेवढं आहे." कपाटावर बुद्धाची मूर्ती, शेजारी नर्सिंगचं सर्टिफिकेट फ्रेममध्ये.

त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. शांतपणे सांगत होत्या. दोन्ही गोळ्या बघून त्यांनी एजन्सीच्या को-ऑर्डिनेटरला फोन केलेला. तो म्हणाला, "स्क्रीनवर आहे ते द्या, डोकं लावू नका." आता तोच म्हणतो असा फोन झालाच नाही, आणि झाला असेल तर दुसऱ्या कशासाठी तरी असेल.

मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणालेलात अर्धं दिसणार नाही."
मी सांगितलं. संक्रांत, नीलेश, मेल, अंगठा.
"मग मला एक फोन का नाही केलात, मॅडम?"

मला वाटलं, मेल केला की...

चहा संपवून निघाले. जिन्यात त्यांनी मोबाईलचा टॉर्च धरला.

२४ जाने., शनि
चौथ्यांदा के.स.ना सांगितलं, निदान आता तरी माझी पद्धत परत टाकू द्या. बाकीच्या सिस्टर रोज सकाळी तेच अर्धवट टॅबलेट घेऊन निघतात. आणखी कुणाच्या घरी काय दिसत असेल देव जाणे.
"मंगळवारची मीटिंग होऊ दे. आत्ता बदललं तर चूक कबूल केल्यासारखं होईल."
मी म्हटलं, आणि मधे आणखी कोणाला काही झालं तर? तर म्हणे, "निगेटिव्ह बोलू नकोस."

दुपारी माझी पद्धत मीच परत टाकली. न विचारता. नवी माहिती बाजूला पूर्ण होईल, मग अदलाबदल, आणि तोपर्यंत वर लाल पट्टी: माहिती अपूर्ण आहे, औषध देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पण मेन आठला बंद झाला तर आणखी चार दिवस जाणार. मावशी माझं ऐकणार नाही. शोभाताईंना फोन केला. त्यांनी एकदाच विचारलं, "ह्याने बाकीच्यांचं नीट दिसेल?" हो म्हटलं. "मग मावशीला मी सांगते."

२५ जाने., रवि
सकाळी सगळे टॅबलेट पूर्ण. एकूण एक. कुठेही डबल काही नाही.

मावशीने रात्रभर मेन चालू ठेवला. शोभाताई सांगत होत्या, ती झोपलीच नाही, आग तर लागली नाही ना म्हणून दोनदा जाऊन बघून आली. आमची ही मावशी एजन्सीच्या मीटिंगला बसवायला हवी.

आईने कांदेपोहे केले. मी दोनदा घेतले. कितीतरी दिवसांनी भूक लागली.

२६ जाने., सोम
सोसायटीत झेंडावंदन. के.स.चा फोन नाही, मेसेज नाही. त्यांना शनिवारीच कळलं असणार. हे गप्प बसणारे नव्हेत. गप्प आहेत म्हणजे काहीतरी शिजतंय.

लेले आजोबा घरी आले असं कळलं. बोलत नाहीत. सुनेला ओळखत नाहीत.

२७ जाने., मंगळ
लिहिते. जमेल तेवढं.

के.स.नी सकाळीच सेंटरवरून एक टॅबलेट मागवलेला. एजन्सीच्या मीटिंगमध्ये तोच मोठ्या पडद्याला जोडला. लेले आजोबांचं पान उघडलं. साखरेची गोळी एकच, नवी. "बघा सर. सिस्टम परफेक्ट आहे. दोन गोळ्या दिसत होत्या म्हणणारी व्यक्ती फक्त एक, आणि तिला तसं म्हणणं सोयीचं आहे."

मी दुरुस्त केलं होतं ते. मी. आणि तेच पडद्यावर लावून बसले होते.

मी उभी राहिले. सांगितलं की हे बरोबर दिसतंय कारण शनिवारी मी बदललं. त्याआधी दोन्ही दिसत होत्या, आणि ह्या खोलीतल्या प्रत्येकाला ते माहीत आहे. मोठे साहेब म्हणाले, "कोणाला विचारून बदललंत?" कोणालाच नाही म्हटलं. के.स.नी असा चेहरा केला की जसं काही घरातलंच माणूस उलटलं. "म्हणजे सर, आधी काय होतं ते आता कोणीच दाखवू शकत नाही. आणि ते ह्यांनीच केलं."

मेलचं सांगितलं. साहेब म्हणाले, तो तुमच्या कंपनीचा आतला मामला. को-ऑर्डिनेटर खाली मोबाईलमध्ये बघत होता. नीलेशकडे बघितलं. तो पाण्याची बाटली उघडत होता, बंद करत होता.

"कळवतो," म्हणाले साहेब. झाली मीटिंग.

शोभाताई बाहेर बाकावर. त्यांना आत बोलावलंच नाही. पांढरा युनिफॉर्म घालून आलेल्या, कडक इस्त्रीचा. मी सगळं सांगितलं, पडद्यावर काय दाखवलं तेपण. त्यांनीच तर मावशीला सांगून मेन चालू ठेवायला लावलेला.

मग म्हणाल्या, "म्हणजे आता सगळ्यांचं बरोबर झालं. चुकलेली मी एकटीच राहिले."

खोपट एसटी स्टँडपर्यंत रिक्षाने एकत्र आलो.

२८ जाने., बुध
के.स.चा मेसेज: पुढचं कळवेपर्यंत ऑफिसला येऊ नकोस. लॅपटॉपवर लॉगिन होत नाही. अपेक्षित होतं, तरी दोनदा पासवर्ड टाकून बघितला.

साहेब "कळवतो" म्हणाले खरे, पण एजन्सी आम्हाला काही कळवणार नाही. कळवलं तरी काय कळवतील ते दिसतंच आहे. शोभाताईंना म्हटलं, लेल्यांकडेच जाऊ. तक्रार त्यांची आहे, त्यांना तरी कळू दे खरं काय ते. त्या आधी नको म्हणाल्या. मग तासाभराने त्यांचाच फोन, "येते मी. आजोबांना बघायचंय एकदा."

संध्याकाळी लेल्यांच्या सुनेला फोन लावला. नाव सांगितलं. त्या टॅबलेटचा प्रोग्रॅम लिहिणारी म्हटलं. मागे टीव्ही चालू होता. मी सांगत गेले. दोन गोळ्या स्क्रीनवरच होत्या, सिस्टरनी विचारलेलं, त्यांना द्या म्हणून सांगितलं गेलं. मधेच थांबले, कारण पलीकडे ती रडत होती.

शेवटी म्हणाली, "उद्या अकराला या. मिस्टर असतील घरी. त्यांच्यासमोर सांगा."
आभार मानून ठेवणार, तेवढ्यात म्हणाली, "पण एकट्याच या हं. ती बाई आमच्या घरात परत नको."

हो म्हटलं. तोंडातून हो निघून गेलं.

आत्ता शोभाताईंचा मेसेज आलाय. विचारतायत, उद्या युनिफॉर्म घालून येऊ का साधा ड्रेस. अजून उत्तर दिलेलं नाही.