वाक्यात उपयोग करा

४ नोव्हेंबर १९७३, रविवार
सुरू झालं एकदाचं! हे फोर्टच्या फुटपाथवरून एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. अमेरिकेतलं आहे, पहिली पानंच नाहीत. मॅनेजमेंटच्या शाळेची प्रवेश परीक्षा जानेवारीत. गणितात हे वाघ, इंग्रजी आलं की शेळी. आणि त्या परीक्षेत भाषेचा अख्खा भाग असतो, व्हर्बल रीझनिंग म्हणतात. शब्दांवरून डोकं चालवायचं.
म्हणाले, "तुझे वडील इंग्रजीचे मास्तर, तू इंटर झालेली. तूच विचार मला रोज."
वरवर म्हटलं, "इश्श, मला मेलीला काय येतंय!" आतून अशी उडी मारली!
वेळ ठरली. हे कारखान्यातून आले, चहा झाला, की सातला दारापुढच्या ओट्यावर, दिव्याखाली, तासभर. सासूबाई (यापुढे सा.बा., वही लहान आहे) तिथेच तांदूळ निवडत बसणार. बसू देत. लग्नाला सहा महिने झाले, पण दोन खोल्यांच्या या घरात आम्ही दोघं सलग तासभर बोललोय असं एकदाही झालेलं नाही.

६ नोव्हें.
जोड्या. याचं त्याच्याशी जे नातं, तेच तिसऱ्याचं कुणाशी? पहिलाच प्रश्न : मेपल नि सिरप. यांना मेपल म्हणजे काय ठाऊक नाही, मला तरी कुठे? डिक्शनरीत बघितलं. झाड निघालं, त्याचा गोड रस काढतात. म्हटलं, "अहो सोपं आहे! माड आणि माडी!"
सा.बा. सुपावरून मान वर करून : "दिवेलागणीच्या वेळी माडी कुठली काढलीस गं घरात?"
हे हसू दाबायला चपला शोधायला गेले. चपला पायातच होत्या.

९ नोव्हें.
आजची गंमत लिहायलाच हवी. विरुद्धार्थी शब्द. "डाउट"चं उलट काय? यांना आठवेना. म्हणे, "मराठीत सांग, मग इंग्रजी आठवेल."
आता कसं सांगू? संशयाच्या उलट मराठीत जे येतं ते यांचंच नाव! आणि सा.बा. समोर.
"भरवसा," म्हटलं.
यांचा चेहरा साळसूद. "भरवसा नको. दुसरा शब्द असेल ना?"
"खात्री."
"अंहं. अजून एक आहे. व-नं सुरू होतो."
"तुमच्या पगाराच्या पाकिटावर लिहिलेला असतो तो!" म्हटलं. सा.बा. फस्सकन हसल्या, तांदळाचे दाणे उडाले. लग्न झाल्यापासून माझ्या बोलण्यावर पहिल्यांदा हसल्या हो! उत्तर "ट्रस्ट" होतं, ते तसंच राहून गेलं.
वहीत लिहायला कोण अडवतंय? विश्वास. विश्वास. विश्वास.

१५ नोव्हें.
तारोडीची हिराबाई मासळीची टोपली घेऊन आली. तिच्यावर प्रयोग केला. म्हटलं, "हिराबाई, चारातला वेगळा सांगा. पापलेट, सुरमई, बोंबील, कोलंबी." माझं उत्तर कोलंबी, ती काही मासा नव्हे.
हिराबाई म्हणते, "सुरमय."
"का हो?"
"ती तुला परवडाची न्हाय."
घेतले बोंबीलच. सातला यांना सांगितलं, हसता हसता ठसका लागला. सा.बा. म्हणाल्या, परीक्षेला तिलाच पाठवा.

२१ नोव्हें.
आता रोज पाच नवे शब्द, प्रत्येकाचा वाक्यात उपयोग. वाक्य इंग्रजीतच. आज "रिलक्टंट", म्हणजे मनात नसताना करणारा. मी वाक्य केलं : टुडे आय अ‍ॅम रिलक्टंट टु क्लीन द फिश.
हे लगेच : माय वाइफ इज नॉट रिलक्टंट टु कम टु डोंगरी विथ मी ऑन संडे.
सा.बा. तांदूळ निवडतायत! आणि आम्ही त्यांच्या देखत फिरायला जायचं ठरवतोय! माझे कान तापले. पुढचा शब्द "ल्युमिनस", उजळणारा, चमकणारा. हे पुस्तकात बघत, एकदम सरळ तोंडानं : हर आइज आर ल्युमिनस.
मला पान उलटता येईना. सा.बा. म्हणाल्या, "अडलं वाटतं?" म्हटलं, "हो, जरा कठीण शब्द आहे."

२५ नोव्हें., रवि.
डोंगरीच्या टेकडीवर गेलो. एस.टी.नं. सा.बा.ंना सांगितलं, यांच्या मित्राकडे मोठी डिक्शनरी आणायला. मित्र घरी नव्हता. बरंच झालं. चढावर बसून शेंगा खाल्ल्या, खाली समुद्र. एकही प्रश्न विचारला नाही मी. पण मजा बघा, पुस्तक नाही म्हटल्यावर आम्हाला बोलायलाच सुचेना. मग यांनीच सुरुवात केली, "शेंगेला टरफल, तसं...?" की सुटलोच दोघं.

२ डिसें.
शेजारच्या जशोदाबेन वाटी परत द्यायला आल्या. "पास हो गया तो दो साल होस्टेल में रहेगा ना? और तू?"
"मैं इधर." पटकन म्हणून गेले.
ठाऊक नव्हतं असं नाही. शाळा दूर गावी, दोन वर्षं, होस्टेलमध्ये बायकांना जागा नाही. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं यांनी. पण तेव्हा सात वाजण्याचीच एवढी घाई होती की पुढचं कोण बघतंय! आता रोज यांची उत्तरं बरोबर येतायत, मी टाळ्या वाजवतेय, आणि एकेका टाळीसरशी माणूस लांब चाललाय. आपल्याच पायावर धोंडा, दुसरं काय.
मला हे पास व्हायला हवेत. मला हे इथे हवेत. या पुस्तकात शेवटचा पर्याय असतो ना, "वरील दोन्ही", तो माझा.

१६ डिसें.
नवा प्रकार आणि फारच भारी! कुणीतरी एक वाक्य बोलतो, त्यानं न बोलता काय गृहीत धरलंय ते ओळखायचं. अ‍ॅझम्पशन. मला तर नादच लागला. सकाळपासून सगळ्यांची गृहीतं पकडतेय. दूधवाला : "भाभी, कल से पैसा बढ़ेगा." गृहीत : भाभी उद्याही दूध घेणार. सा.बा. : "मीठ जरा बेतानं घाल." गृहीत : काल मी जास्त घातलं. (घातलं होतं.)
सातला हे म्हणाले, "आईची मला काळजी नाही. तू आहेस ना."
म्हटलं, "थांबा. प्रश्न. या वाक्यात गृहीत काय?"
हे विचार करून, अगदी परीक्षेतल्यासारखं : "की तू आईशी नीट वागतेस."
"चूक."
"की तू हुशार आहेस."
"लाडीगोडी नको. चूक. गृहीत हे की मी दोन वर्षं इथेच असणार आणि मला दुसरं काही करायचं नसणार."
यांनी पुस्तक मिटलं. मग विचारलं, "काय करायचंय तुला?"
खरं सांगते, उत्तर तयार नव्हतं. मी दुसऱ्याच्याच वाक्यातली चूक धरत बसले होते. "पुढचा प्रश्न घ्या," म्हटलं. पण झोप नाही लागली नीट. काय करायचंय मला? बी.ए. करायचंय. इंटरला फर्स्ट क्लास होता माझा. घ्या! लिहिलं.

१३ जाने. १९७४, रवि.
परीक्षा झाली! हे संध्याकाळी आले ते दारातूनच ओरडत, "गृहीतं आली होती! ढीगभर!" सगळी सोडवली म्हणे. चार जोड्या चुकल्या असतील. मी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. हे तो न बोलता प्यायले. पेला विसळताना तळाशी मिठाचे खडे दिसले तेव्हा मला कळलं.

१४ जाने.
माझी पहिली संक्रांत. काळी साडी, हलव्याचे दागिने, हळदीकुंकवाला चाळीतल्या सगळ्या बायका. "नाव घे, नाव घे!" तयार केलेला उखाणा ऐन वेळी विसरले. आता? समोर तिळगुळाचं ताट, दारातून दिसतात ते मिठागरातले पांढरे ढीग. जोड्या जुळवायची सवय झालीय, तोंडातून निघालंच :
"आगराला मीठ, तसा उसाला गूळ,
विश्वासरावांच्या अभ्यासाचं मीच आहे मूळ!"
काय हशा पिकला! जशोदाबेननं कळलं नाही तरी टाळ्या वाजवल्या. एक काकू सा.बा.ंना म्हणाल्या, "सून बरीच बोलकी हो तुमची." सा.बा. म्हणाल्या, "खोटं कुठे बोललीय?" मी हलव्याचा दाणा चावला तो हातातल्या बांगडीचाच.

१५ जाने.
सात वाजले. आम्ही दोघं सवयीनं ओट्यावर येऊन बसलो आणि बघतो तर पुस्तकाचं काही काम नाही! सा.बा. सूप घेऊन आल्या. परीक्षा संपली म्हणजे तासही संपला की काय?
हे म्हणाले, "निकाल लागेपर्यंत सराव सुटायला नको."
किती बरं वाटलं! पहिल्या प्रश्नापासून पुन्हा सुरू. मेपल आणि सिरप.

९ मार्च
आलं! मुलाखतीचं बोलावणं आलं! चाळीत सगळ्यांना साखर वाटली. सा.बा.ंनी देवापुढे ठेवली, डोळे पुसले. मीही पुसले. त्या समजल्या आनंदानं. आनंद होताच की! नुसता आनंद नव्हता एवढंच.

२४ मार्च, रवि.
रंगीत तालीम. मी साहेब. सा.बा.ंचा चष्मा लावला, ट्रंकेवर बसले, पाय जमिनीला टेकेनात. हे दारातून "मे आय कम इन, सर?" सगळं इंग्रजीत चाललं होतं, इथे मराठीत लिहितेय.
आधी कारखान्याबद्दल विचारलं, मग ही शाळा का, तेही. फडाफडा उत्तरं. मला चेव आला.
"लग्न झालंय?"
"हो, सर."
"पत्नी किती शिकलीय?"
"इंटर, सर. फर्स्ट क्लास." (हे ठसक्यात.)
"मग पुढे का नाही शिकली?"
"लग्न झालं, सर."
"लग्न तर तुमचंही झालं. तुम्ही कसे शिकणार?"
मी ठरवून नव्हतं विचारलं, देवाशपथ. बायको म्हणून जे तोंडातून निघालं नसतं ते साहेब म्हणून निघालं. घाम पुसला यांनी. मग म्हणाले, "तीही शिकेल, सर."
"हे सत्य की गृहीत?"
"गृहीत, सर. मी अजून घरी विचारलेलं नाही."
मला "यू मे गो" म्हणायचं होतं. "यू मे" पर्यंत आलं, आणि काचा ओल्या झाल्या. चष्मा काढला.
सा.बा.ंनी सूप बाजूला ठेवलं. "इंग्रजी मला येत नाही. पण रडू आलेलं कळतं. काय विचारलंस त्याला?"
हे म्हणाले, "काही नाही गं आई, अभ्यास."
"अभ्यास नाही," मी म्हटलं. आणि सांगून टाकलं सगळं, मराठीत. हे गेले तर दोन वर्षं मी नुसती वाट बघत बसणार नाही. मला बी.ए. करायचंय. वसईला कॉलेज आहे. जूनमध्ये नाव घालायचंय. एका दमात. काय मोकळं वाटलं म्हणून सांगू!
हे म्हणाले, "आई, मलाही तसंच वाटतं." उशिरा बोलले, पण बोलले.
सा.बा. उठल्या, सूप उचललं, आत गेल्या. ना हो, ना नाही.

३० मार्च
सा.बा. बोलतात, पण कामापुरतं. सातला ओट्यावर आल्याच नाहीत. आम्हाला हवा होता तेवढा एकांत मिळाला आणि दोघांनाही तो नकोसा झाला. यांनी दोनदा आत जाऊन विचारलं, "आई, येतेस ना?" "पाठ दुखतेय," म्हणाल्या.

६ एप्रिल, शनि.
हे सकाळी गेले मुलाखतीला. परवा आहे. निघताना सा.बा.ंच्या पाया पडले. मग माझ्याकडे बघून, सगळ्यांसमोर : आय अ‍ॅम रिलक्टंट टु गो. मी म्हटलं, "व्याकरण बरोबर आहे. निघा."
सातला काय करावं कळेना, म्हणून आपली ओट्यावर जाऊन बसले. सा.बा. आल्या. सूप नाही हातात. यांच्या जागेवर बसल्या, चष्मा नीट केला.
"नाव सांग."
मला वाटलं थट्टा. चेहरा बघितला, थट्टा नव्हती. पदर सावरून बसले. "सुलभा."
"सकाळच्या भाकऱ्या?"
"पाचला उठून करीन."
"संध्याकाळचं?"
"पाचपर्यंत घरी येईन. पुढचं सगळं माझं."
"लोक म्हणतील, नवरा लांब नि ही रोज गावाला जाते."
"लोक हळदीकुंकवालाही बोलले होते. तुम्ही उत्तर दिलंत."
ओठ हलले त्यांचे जरा. मग म्हणाल्या, "आणि मी अंथरुणाला खिळले तर?"
"नाही जाणार."
"त्याच दिवशी तुझी परीक्षा असली तर?"
म्हणता आलं असतं काहीतरी गोड. नाही म्हटलं. "माहीत नाही," म्हटलं, "खरंच माहीत नाही, आई."
त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "बरं. बघते," म्हणाल्या आणि उठल्या. मी तिथेच. दिव्याखाली वही उघडून हे लिहितेय.
आत भांड्यांचा आवाज. मग आतूनच : "वसईची गाडी सकाळी किती वाजता असते गं?"
मला ठाऊकच नाही! उद्या उठल्याबरोबर स्टेशनात जाऊन विचारून येते.