भगवंतरावांच्या विमानाचा रंग

॥ श्री ॥
बसवनगुडी, बंगळूर
ता. १२ जुलै १९९५

ती. सोयराआत्यास,
देवव्रतचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे मजेत. बाबांचा गुडघा दुखतो, पण स्कूटर सोडत नाहीत. तुझ्या धाकट्या भावाला तूच समजाव.

मुख्य बातमी म्हणजे, भगवंतराव आजोबांचं विमान उभं राहिलं! त्यांचंच नव्हे, पण अगदी त्याच जातीचं, दुहेरी पंखांचं. भंगारातून सांगाडा आणला तेव्हा तू मला वेड्यात काढलं होतंस. आता बघ, पंखांवर नवं कापड चढलंय, इंजिन झकास चालतंय. हवाई दलातून निवृत्त झालेले फत्तेसिंग ते जक्कूरच्या धावपट्टीवरून उडवणार आहेत.

फक्त रंग राहिलाय. तू पिवळा म्हणतेस. पण छत्तीस सालच्या दसऱ्याचा, विमानाच्या पूजेचा फोटो आहे ना, त्यात ते चांगलं काळपट दिसतं. तू तेव्हा एवढीशी होतीस, चुकत असशील. गर्द लाल द्यायचं ठरतंय. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
देवव्रत


॥ श्री ॥
धारवाड
ता. २० जुलै १९९५

चि. देवव्रत यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून डोकंच फिरलं. लाल म्हणे! अरे, त्या दसऱ्यानंतर दोन महिन्यांत वडील तापाने गेले. मी पाच वर्षांची. त्यांचा चेहरासुद्धा मला फोटोतूनच ठाऊक. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं काय, तर ते पिवळं विमान. तेही खोटं ठरवलंस तर वडील म्हणून माझ्यापाशी राहिलं काय?

स्वल्प डोकं चालव. फोटोत आई ओवाळायला उभी आहे, तिची साडी कशी दिसते? काळी, होय ना? दसऱ्याच्या दिवशी, नवऱ्याच्या विमानाला ओवाळताना आपल्या घरातली बाई काळं नेसेल? सासूने उंबरा ओलांडू दिला नसता! ती साडी हळदीच्या रंगाची. आईने पुढे माझ्या लग्नात मला दिली, अजून ट्रंकेत आहे. आपण रंगाऱ्यांची माणसं रे. शिकून रंग विसरलास की काय?

बाबाच्या गुडघ्याला एरंडेल चोळ. राग आहे, पण तुझ्यावरचा जीव आहे तिथेच आहे.

तुझी,
सोयराआत्या


॥ श्री ॥
बसवनगुडी, बंगळूर
ता. ६ ऑगस्ट १९९५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

हरलो, बाई, हरलो! साडीकडे आम्हा कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. फोटो घेऊन चामराजपेटेत गुंडूअण्णांच्या स्टुडिओत गेलो. ते हसायलाच लागले. त्या काळच्या फिल्मवर लाल काय, पिवळा काय, दोन्ही काळेच उतरायचे, म्हणाले.

म्हणजे फोटो काहीच ठरवू शकत नाही. उरला तुझा शब्द. फत्तेसिंगांनी विचारलं, पुरावा काय? मी म्हटलं, आमची आत्या. सरी, म्हणजे ठीक, म्हणाले, आणि गेल्या रविवारी पिवळा रंग चढलासुद्धा. खंडेनवमीला उड्डाण. तू आल्याशिवाय इंजिन सुरू होणार नाही, हे प्रेमाने आणि धमकीने लिहितोय.

तुझा,
देवव्रत


॥ श्री ॥
धारवाड
ता. १० ऑक्टोबर १९९५

चि. देवव्रत यास अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. सूनबाई रक्षिताने बांधून दिलेला चित्रान्नाचा लिंबूभात गाडीतच संपला, तिला सांग. फत्तेसिंगांनी डोक्यावरून चकरा मारल्या तेव्हा मी ओरडले म्हणून तुम्ही सगळे हसलात. हसा मेल्यांनो!

एक गोष्ट तिथे बोलता आली नाही. त्या दसऱ्याला पूजा झाल्यावर वडिलांनी मला उचलून विमानात बसवलं होतं. उतरवायला आले तर मी गळ्याला मिठी मारली, सोडेचना. मग मला तसंच कडेवर घेऊन ते साऱ्या मैदानभर हिंडले. आजवर कुणाला सांगितलं नाही. तुम्ही म्हणाला असता, एवढीशी होतीस, स्वप्न पडलं असेल. मग मलाही तसंच वाटू लागलं असतं. त्या भीतीने जपून ठेवलं.

आता माझ्या शब्दावर रंग खरा ठरला. म्हणजे तेही खरंच, देवव्रत. माझ्या वडिलांनी मला कडेवर घेतलं होतं.

सर्वांना आशीर्वाद. अशीच आठवण ठेवत जा.

तुझी आत्या,
भगवंतरावांची सोयरा