एकोणीस नंबरची कॅसेट

४ नोव्हेंबर, मंगळवार

कानाला हेडफोनच्या दोन वाट्या लावल्या आणि मेलेल्या बायका माझ्याशी बोलायला लागल्या!

थांब, नीट सांगते. माझी नात चेतना, तिनं तिचा जुना फोन दिलाय. बोललं की तो लिहितो म्हणे. "आजी, ही तुझी रोजनिशी." झकास! लिहिलेलं मला वाचता येत नाही, म्हणजे गुपित माझ्यापासूनसुद्धा राहील.

तर पस्तीस वर्षांमागं शुभा मॅडम आमच्या घाटकोपरच्या डोंगरावर यायच्या, टेपरेकॉर्डर घेऊन. बायकांनी आपापलं सांगायचं, त्या भरून घ्यायच्या. बायका तोंड उघडेनात. मग मला पुढं करायच्या. मी म्हणायची, "बोल गं, काय होत नाही. बाहेर जाणार नाही." माझ्या शब्दावर बोलल्या सगळ्या.

मॅडम वारल्या. त्यांच्या कॅसेटी मुलुंडच्या एका कॉलेजात आल्या. आता पोरंपोरी त्यावर अभ्यास करणार. पण आधी कुठली ऐकू द्यायची, कुठली नाही, हे ठरवायचंय. कॅसेटींवर नावं नाहीत, नुसते नंबर. आवाज ओळखणारी मी एकटीच उरले. एवढं मोठं कॉलेज, आणि अडलंय अंगठेबहाद्दर बाईपाशी!

६ नोव्हेंबर, गुरुवार

कॅसेटी सांभाळते ती अनुपमा. चेतनाच्याच वयाची, चष्मा डोक्यावर आणि शोधते टेबलावर. तिच्याकडं तीन रंगांच्या चिठ्ठ्या. हिरवी म्हणजे सगळ्यांना खुली. पिवळी म्हणजे त्या माणसाला विचारून. लाल म्हणजे साठ वर्षं बंद.

"साठ वर्षांनी कुलूप काढताना मला बोलाव हं," मी म्हटलं.

"आजी, मी तरी असेन का?"

"तू अस. कुणीतरी जबाबदार माणूस नको?"

आज सात झाल्या. पाच बायका गेलेल्या. एकीचं नुसतं खोकणं ऐकलं आणि मी म्हटलं, ही चंद्राबाई. अनुपमा बघतच राहिली. शाळेत गेले असते तर कान असे राहिले नसते, सांगितलं तिला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

एकोणीस नंबर.

आधी स्टोचा आवाज. मग बांगड्या. बोलायच्या आधी "हं" करायची सवय. रतन! माझी शेजारीण, पत्र्याला पत्रा लागून घर. मध्येच एक पोर म्हणतं, "आई, गूळ." तो तिचा नंदू, चार वर्षांचा.

परत यंत्रासमोर बोलायला बसलेय मी. खोड जात नाही. पण कुणाला तरी सांगायला हवं, आणि तू काय, फोन, चहा प्यायला कुणाच्या दारात जाणार नाहीस.

नंदू चार महिन्यांचा असताना रतनचा नवरा निघून गेला. घरात दोन दिवस काही शिजलं नव्हतं, पोर तापानं फणफणलेलं. तिनं त्याला एका मोठ्या दवाखान्याच्या बाकड्यावर निजवलं. चांगलं होतं तेच लुगडं गुंडाळलं. शेजारच्या बाईला म्हणाली, जरा बघा हं, आलेच. आणि बसस्टॉपवर जाऊन उभी राहिली. एक बस सोडली. दुसरी सोडली. तिसरीच्या पायरीवर पाय ठेवला.

मग उतरली. परत आली. पोर तिथंच, झोपलेलं.

एवढंच. पण हे मॅडमना सांगून झाल्यावर, बटण बंद झाल्यावर, तिनं माझं मनगट धरलं. "दुरपे, नंदूला कधी कळता कामा नये." मी माझ्या गळ्याची शपथ घेतली.

आज अनुपमानं विचारलं, "ओळखलंत आजी?"

म्हटलं, "मधेमधे बोलते ती मी. समोरची कोण, आठवत नाही बाई. म्हातारपण!"

ज्या आवाजाला मालकीण नाही तो कोण कशाला उघडेल? पडून राहील कपाटात. घरी येताना भलतीच हुशार वाटले स्वतःला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

वाट लागली.

एकोणीसला हिरवी चिठ्ठी!

अनुपमा खुशीत. "नाव नाही, ठिकाण नाही, ओळखणारं कुणी नाही. मग कुणाचं नुकसान होणार आजी? आणि काय बोलल्यात त्या! डिसेंबरात कार्यक्रम आहे, हॉलमध्ये हीच ऐकवायची म्हणतायत आमचे मोठे सर."

म्हणजे मी गप्प बसले म्हणून दार उघडलं. हा कुठला उफराटा नियम? माझ्या घरी कुणाची वस्तू सापडली आणि मालक कळला नाही, तर मी ती चव्हाट्यावर वाटत नाही.

१२ नोव्हेंबर

भाकरी करपली. चेतना म्हणाली, "आजी, तुझं लक्ष कुठाय?" म्हटलं, भाकरीत असतं तर करपली असती का?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जाऊन खरं सांगितलं. म्हटलं, खोटं बोलले, काय त्या शिव्या दे. तिनं शिव्या दिल्या नाहीत. कागद काढला. त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

हिरवी चिठ्ठी काढली, पिवळी लावली. "आता कळलं ना कुणाचा आवाज, तर त्यांनाच विचारायला हवं."

"रतनला स्वतःचं नाव आठवत नाही गं. दोन वर्षं झाली."

"मग त्यांचं जवळचं माणूस. मुलगा आहे ना?"

"त्याच्यापासूनच तर लपवायचंय!"

तिनं चष्मा काढला, पुसला. "आत काय आहे ते न सांगता सही घेतली, तर ती त्यांची फसवणूक होईल आजी. त्यांना ऐकायचा हक्क आहे. नको म्हणाले तर गोष्ट वेगळी."

"लाल चिठ्ठी लाव ना. तुझ्यासमोर गठ्ठा पडलाय."

"माझ्या हातात नाही ते. घरच्यांनी बंद करा म्हटलं तरच लाल."

तिच्या हातात नाही, सरांच्या हातात नाही, रतनच्या तर नाहीच. माझ्या हाताला काय, अंगठा तेवढा आहे. तो इथं कुणी मागत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

चेतनाला घेऊन माहुलला गेले. रतन-नंदू डोंगरावरून पाइपलाइनजवळ राहायला गेले होते, ती घरं तोडल्यावर त्यांना माहुलला खोली मिळाली. लिफ्ट बंद. पाचव्या मजल्यापर्यंत तेलकंपनीचा वास सोबतीला.

नंदू आईची वेणी घालत होता. पोर चाळिशीला आलं, केस पिकले, बोटं मात्र पोरीसारखी चालतात.

"जयभीम मावशी!"

रतननं मला निरखून पाहिलं. "भाजीवाली ना तू?"

"हो. मेथी देऊ?"

"दे. पण मागल्या खेपेला मातीच जास्त होती."

इतकं सगळं विसरली, पण खोट काढायची विसरली नाही!

मग नंदूला बाजूला घेतलं. म्हटलं, तुझ्या आईची एक कॅसेट आहे. न ऐकता बंद करा म्हण आणि मोकळा हो. माझं ऐक.

त्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

"आईचा आवाज? तेव्हाचा?"

"बायका बोलतात रे काहीबाही. दिवस वाईट होते."

"मावशी, दोन वर्षांत तिनं मला हाक मारली नाही. कधी भाऊ म्हणते, कधी डॉक्टर. आणि तू म्हणतेस ऐकू नको?"

 वाईट मनानं मागत असता तर भांडले असते.

निघताना म्हणाला, "आईलाही आणतो. तिचं आहे, तिच्यासमोरच होऊ दे."

१८ नोव्हेंबर

गुरुवार ठरला. शपथ मोडायला मला बोटसुद्धा हलवावं लागलं नाही. पस्तीस वर्षांपूर्वी "बोल गं" म्हटलं होतं, तेवढं पुरलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कॉलेजात एका बाकड्यावर तिघं. रतन मध्ये. अनुपमानं वाट्या न लावता मोठ्यानंच लावली. स्टो, बांगड्या, हं. "आई, गूळ" आलं तेव्हा नंदू हसला. पुढं हसला नाही. तिसऱ्या बसपाशी त्यानं डोळे मिटले.

संपली. अनुपमानं बटण बंद केलं.

रतननं मला कोपर मारलं. "कोण गं ती? उतरली ना बसमधून?"

"उतरली."

"बिचारी." मग नंदूकडं वळली, हलक्या आवाजात, परक्या माणसाशी बोलावं तशी. "भाऊ, तिच्या पोराला नका हं सांगू."

नंदूनं तिचा पदर सारखा केला.

"नाही सांगणार, ताई."