छातीवरचा पट्टा

४ मार्च

पुन्हा तेच! तीनदा कोपराने ढोसलं, तेव्हा कुठे यांनी श्वास घेतला. छाती नुसती वरखाली होतेय आणि नाकातून हवेचा पत्ता नाही. मी मोजत पडते — वीस, पंचवीस... जीव टांगणीला. सकाळी हे म्हणणार, "मस्त झोप लागली!" आणि चहा पिता पिता पेंगणार.

५ मार्च

दुपारी शिलाई मशीनवर माझाच डोळा लागला. सुई थेट बोटात. लागणारच! यांच्या पहाऱ्यापायी माझी झोप होते कुठे? लेक खिदळली, "आई, तूही काही कमी घोरत नाहीस हं!" म्हटलं, गप्प बस.

९ मार्च

व्हायचं ते झालं. सिग्नलला बस उभी केली आणि हे झोपले. मागून हॉर्नवर हॉर्न, आणि यांचं डोकं स्टिअरिंगवर! आत चाळीस माणसं. नशीब, बस उभी होती.

डेपोच्या डॉक्टरांनी यंत्र दिलंय. एक रात्र घरी लावून झोपायचं. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाखाली नळी. श्वासासाठी छाती किती झटते, ते म्हणे पट्ट्याला कळतं. रिपोर्ट वाईट आला तर बस बंद.

१० मार्च

"तू लाव," म्हणाले. मी उडालेच! "एका रात्रीचा तर प्रश्न. तुला काय धाड भरलीय? सत्तावीस वर्षं बस चालवतोय, दुसरं येतं काय मला?" डोळ्यांत पाणी. या माणसाला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

लावते. लिहायलाही लाज वाटते. उद्या त्या बसमध्ये कुणाकुणाची लेकरं बसतील...

११ मार्च

यंत्र परत गेलं. दिवसभर डोकं जड. गिऱ्हाइकाचं कापड उलटं कापून बसले.

१५ मार्च

आल्या आल्या रिपोर्ट माझ्या अंगावर फेकला. तासाला एकेचाळीस वेळा श्वास अडतो! बस आजपासून बंद. "मी झोपल्यावर पट्टा काढून मलाच बांधलास ना? घरभेदी!" लेकीसमोर!

मी "हो" म्हणाले. निदान उपचार तरी घेतील. स्टिअरिंगवर बसणार नाहीत.

१६ मार्च

पट्टा मी काढलाच नव्हता. सकाळपर्यंत माझ्याच छातीला होता.

आजपासून लेकीला माझ्याजवळ झोपायला सांगितलंय.