स्कूटरवरचा पदर

नागपूर,
१२ फेब्रुवारी १९६९

मायच्या पायावर वच्छलाचं डोकं.

तुही चिठ्ठी भेटली. आम्ही खुशाल आहो. ह्याईनं घेतलेली स्कूटर लहानशीच आहे, पण कामाले जायची सोय झाली.

आपल्या गावचे उकंडकाका सरकी विकाले इथं आले, मले बर्डीच्या चौकात पाह्यलं अन् देऊळघाटात जाऊन बोंब मारली, की वच्छला उघड्या डोक्यानं नवऱ्यामागं बसून फिरते. अन् तू बी लगेच लिहिलं, पदर पडू देऊ नोको!

माय, काका जन्मभर बैलगाडीत बसले. स्कूटरवर वारा असा लागते, की पदर एका हातानं धरूनच ठेवा लागते. दुसऱ्या हातात भाजीची थैली. मंग ह्याईले धरू कायनं, दातानं? चौकात टांगे, सायकली, रिक्षा, सारे अंगावरच येते. हे रोज सांगते, "पदर कमरेले खोच अन् मले घट्ट धर." पण तुही चिठ्ठी आल्यापासून मी त्याईचं ऐकलं नाही.

गोजरवहिनीचे पाय आता कसे आहे? म्हैस व्याली काय?

अक्षर वाकडं दिसत असंल. डाव्या हातानं लिहून राह्यली. उजवा पलस्तरात आहे, पण तू फिकर करू नोको. टांगा आडवा आला, ह्याईनं ब्रेक मारला अन् मी रस्त्यावर. ह्याईले खरचटलं बी नाही.

उकंडकाकाले मात्र आठवणीनं सांगजो. पडली तवा पदर डोक्यावरच होता.

तुही लेक,
वच्छला